व्यवस्थापन सल्लागारी

व्यवस्थापन सल्लागारी म्हणजे एखाद्या उद्योगाच्या, व्यापारी पेढीच्या, सहकारी अथवा शासकीय संस्थेच्या कामकाजातील अडचणींचा बाहेरच्या तज्ज्ञाने पद्धतशीर अभ्यास करून त्यांची कारणे शोधण्याचा, उपाय सुचवण्याचा आणि आवश्यक तेथे त्या उपायांच्या अंमलबजावणीस साहाय्य करण्याचा व्यवसाय होय. हा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस व्यवस्थापन सल्लागार, तर सल्ला घेणाऱ्या संस्थेस ग्राहक संस्था असे म्हणतात. सल्लागार निर्णय घेत नाही. निर्णयाचा अधिकार आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी ग्राहक संस्थेकडेच राहते. या विभागणीमुळे सल्लागाराला संस्थेकडे तटस्थपणे पाहता येते. मात्र सल्ला चुकला तर त्याची किंमत बहुधा सल्लागाराला नव्हे, तर संस्थेला आणि तिच्या कामगारांना मोजावी लागते. या व्यवसायाची कार्यपद्धती, त्याचे नीतिनियम आणि त्याच्यावर होणारी टीका समजून घेताना ही स्थिती लक्षात घ्यावी लागते.

स्वरूप व व्याप्ती

व्यवसायाचे धोरण, उत्पादन, वित्त, विपणन, मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान आणि संस्थेची अंतर्गत रचना ही सल्लागारीची प्रमुख क्षेत्रे आहेत. हजारो सल्लागार नेमणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांपासून एकट्याने काम करणाऱ्या निवृत्त अभियंत्यापर्यंत सर्व आकारांचे व्यावसायिक या क्षेत्रात आढळतात. वकिली किंवा सनदी लेखापालाचा व्यवसाय करण्यासाठी भारतात वैधानिक संस्थेकडे नोंदणी आवश्यक असते; व्यवस्थापन सल्लागार म्हणून काम करण्यासाठी अशी सक्तीची परीक्षा वा सनद नाही. त्यामुळे सल्लागाराची पारख करताना त्याचा अनुभव, पूर्वीचे काम आणि लौकिक यांवरच मुख्यतः विसंबावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी सल्लागार व ग्राहक संस्था यांच्या संबंधांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात ग्राहक संस्थेला आपली अडचण ठाऊक असते आणि ती फक्त तज्ज्ञाचे ज्ञान विकत घेते. दुसरा प्रकार वैद्य आणि रुग्ण यांच्या नात्यासारखा असतो. येथे त्रास ग्राहक सांगतो, निदान व उपचार सल्लागार करतो. तिसऱ्या प्रकारात सल्लागार ग्राहक संस्थेतील लोकांनाच स्वतःची अडचण ओळखण्यास व सोडवण्यास मदत करतो. पहिला प्रकार सर्वांत सोपा व स्वस्त असतो; परंतु ग्राहकाने स्वतःच केलेले निदान चुकीचे असेल तर त्यावर आधारलेला उत्तम सल्लाही निरुपयोगी ठरतो.

इतिहास

या व्यवसायाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेत झाला. रसायनशास्त्रज्ञ आर्थर डी. लिटल यांनी इ.स. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू केलेली संस्था या क्षेत्रातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक मानली जाते. त्याच काळात फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अभियंत्याने कारखान्यातील प्रत्येक काम लहान हालचालींत विभागून त्यांना लागणारा वेळ मोजण्याची पद्धत विकसित केली. इ.स. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे ही पद्धत ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ या नावाने जगभर पोहोचली. बेथलेहेम पोलाद कारखान्यात बिडाच्या लाद्या गाडीत भरणारा कामगार दिवसाला साडेबारा टनांऐवजी सुमारे ४७ टन माल भरू लागला, असा टेलरचा दावा होता. पुढील काळातील अभ्यासकांनी कारखान्यातील मूळ नोंदी तपासून या वृत्तांतातील अनेक तपशिलांविषयी शंका उपस्थित केली. इ.स. १९११ मध्येच वॉटरटाउन येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी घड्याळ लावून काम मोजण्याच्या निषेधार्थ संप केला आणि त्यानंतर अमेरिकन काँग्रेसच्या समितीने टेलरच्या पद्धतीची चौकशी केली.

एडविन बूझ यांनी इ.स. १९१४ मध्ये शिकागो येथे आपली संस्था सुरू केली. शिकागो विद्यापीठातील लेखाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ओ. मॅकिन्सी यांनी इ.स. १९२६ मध्ये स्वतःच्या नावाची संस्था स्थापली. अर्थसंकल्प हे केवळ खर्चाच्या नोंदीचे नव्हे, तर व्यवस्थापनाचे साधन आहे, हा विचार त्यांनी मांडला होता. त्यांच्या मृत्यूनंतर मार्व्हिन बोवर यांनी या संस्थेला वकिली पेढीच्या धर्तीवर व्यावसायिक शिस्त लावली.

इतिहासकार ख्रिस्तोफर मॅकेना यांच्या मते या व्यवसायाच्या वाढीस अमेरिकेतील १९३३ चा बँकविषयक कायदा मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरला. तोपर्यंत कंपन्यांच्या कारभाराची पाहणी व पुनर्रचना यांविषयीचा सल्ला बँका देत असत. नव्या निर्बंधांमुळे ते काम त्यांच्या हातून गेले आणि स्वतंत्र सल्लागार संस्थांना वाव मिळाला.

ब्रूस हेंडरसन यांनी इ.स. १९६३ मध्ये बॉस्टन येथे सुरू केलेल्या संस्थेने धोरणविषयक सल्ल्यास महत्त्व मिळवून दिले. या संस्थेने १९७० च्या सुमारास मांडलेली बाजारवाढ व बाजारहिस्सा यांची चौकट आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. तिच्यात कंपनीच्या निरनिराळ्या व्यवसायांची ‘तारे’, ‘दुभत्या गाई’, ‘प्रश्नचिन्हे’ आणि ‘कुत्री’ अशा चार गटांत विभागणी केली जाते.

कामाचे टप्पे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रसिद्ध केलेल्या व मिलान कुबर यांनी संपादित केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात सल्लागारीच्या कामाचे पाच टप्पे दिले आहेत.

प्रवेश : प्राथमिक भेट, अडचणीची पहिली मांडणी, प्रस्ताव आणि करार यांचा यात समावेश होतो. कामाची व्याप्ती, मुदत, मोबदला, माहितीची गोपनीयता आणि काम पूर्ण झाले असे केव्हा समजायचे याचे निकष करारात लिहिले जातात.

निदान : आकडेवारी, कागदपत्रे, मुलाखती आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे अडचणीची कारणे शोधली जातात.

कृतीचे नियोजन : पर्यायी उपाय तयार करून त्यांचा खर्च, लाभ आणि जोखीम यांची तुलना केली जाते.

अंमलबजावणी : निवडलेला उपाय प्रत्यक्षात आणताना सल्लागार प्रशिक्षण देतो, प्रगती तपासतो आणि योजनेत दुरुस्त्या सुचवतो.

समाप्ती : झालेल्या कामाचे मूल्यमापन करून ते ग्राहक संस्थेच्या लोकांकडे सोपवले जाते. सल्लागार गेल्यानंतर काम पूर्ववत बिघडू नये, हा या टप्प्याचा हेतू असतो.

समस्येचे विश्लेषण

ग्राहक संस्था सल्लागारासमोर बहुधा लक्षण मांडते. विक्री घटली, पैसा अपुरा पडतो, कामगार टिकत नाहीत, माल वेळेवर जात नाही, अशा तक्रारी ही लक्षणे होत. एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात आणि एका कारणातून अनेक लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून सांगितलेली तक्रार जशीच्या तशी स्वीकारण्यापूर्वी तिचे तपासता येईल अशा प्रश्नात रूपांतर केले जाते. ‘विक्री घटली आहे’ या विधानापेक्षा ‘कोणत्या मालाची, कोणत्या भागात, कोणत्या खरेदीदारांकडील आणि केव्हापासून घटली आहे’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

त्यानंतर मूळ प्रश्नाची उपप्रश्नांत फोड केली जाते. हे उपप्रश्न एकमेकांत मिसळलेले नसावेत आणि सर्व मिळून मूळ प्रश्न पूर्ण व्यापणारे असावेत, अशी अपेक्षा असते. उदाहरणार्थ, नफ्यातील घट ही उत्पन्नातील घट किंवा खर्चातील वाढ यांतूनच येऊ शकते. उत्पन्नातील घट ही विकलेल्या नगसंख्येतील किंवा दरातील घटीतून येते. अशा फोडीमुळे कोणती माहिती गोळा करावी आणि कोणती सोडून द्यावी हे ठरवता येते. प्रत्येक उपप्रश्नास एक तात्पुरते उत्तर, म्हणजे गृहीतक, कल्पून ते खोटे ठरवणारा पुरावा शोधला जातो.

या कामी पुढील साधने वापरली जातात :

पाच वेळा ‘का’ : प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का’ असे विचारत मूळ कारणापर्यंत जाण्याची ही पद्धत जपानमधील टोयोटा कंपनीत रुजली. कंपनीचे उत्पादनतज्ज्ञ ताइइची ओनो यांच्या लेखनामुळे ती सर्वत्र परिचित झाली.

कारण-परिणाम आकृती : जपानी तज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही आकृती माशाच्या सांगाड्यासारखी दिसते. माणसे, यंत्रे, कच्चा माल, कार्यपद्धती अशा गटांत तिच्यावर संभाव्य कारणे मांडली जातात.

पॅरेटो विश्लेषण : बहुतांश दोष थोड्याच कारणांतून येतात, या अनुभवाच्या आधारे कारणांचा उतरता क्रम लावला जातो.

पाच स्पर्धात्मक बले : मायकेल पोर्टर यांनी इ.स. १९७९ मध्ये मांडलेल्या या चौकटीत प्रस्थापित प्रतिस्पर्धी, संभाव्य नवे प्रतिस्पर्धी, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि खरेदीदार यांच्या बळाचा विचार करून एखाद्या उद्योगातील नफ्याची शक्यता अभ्यासली जाते.

आर्थिक प्रमाणके : नफ्याचे प्रमाण, मालसाठ्याची उलाढाल, येणी वसूल होण्यास लागणारे दिवस आणि ना नफा ना तोटा बिंदू यांवरून संस्थेची आर्थिक स्थिती तपासली जाते.

यांपैकी कोणतेही साधन प्रत्यक्ष पाहणीची जागा घेऊ शकत नाही. यंत्र वारंवार का बंद पडते याची माहिती अनेकदा अहवालात नसते, पण ते चालवणाऱ्या कामगाराला असते. आपण सांगितले तर आपल्यालाच दोष दिला जाईल, अशी भीती असेल तर ती सल्लागारापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मुलाखतीत मिळालेली माहिती, विशेषतः सांगणाऱ्याचे नाव, मालकापर्यंत कितपत जाईल हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक मानले जाते.

उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित असून विश्लेषणाची पद्धत स्पष्ट करण्यापुरते दिले आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लघुउद्योगाची वार्षिक विक्री ७ कोटी ३० लाख रुपये, म्हणजे दिवसाला सरासरी २ लाख रुपये आहे. खेळते भांडवल अपुरे पडत असल्याने बँकेकडून आणखी ६० लाख रुपयांचे कर्ज मिळवून द्यावे, अशी मालकाची मागणी आहे.

हिशेब तपासता असे दिसते की, खरेदीदार कंपन्यांकडून एकूण १ कोटी ८० लाख रुपये येणे आहे. याचा अर्थ बिलाची रक्कम सरासरी ९० दिवसांनी हाती येते. करारातील मुदत मात्र ४५ दिवसांची आहे. थकलेल्या बिलांची वर्गवारी केल्यावर त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातील बिले खरेदीदाराने केवळ विलंबाने दिलेली आहेत. दुसऱ्या गटातील मालाविषयी खरेदीदाराने लेखी हरकत घेतलेली आहे. हरकती आलेले बहुतेक सुटे भाग एकाच यंत्रावर तयार झालेले असून तेथे माल बाहेर पडण्यापूर्वी मापांची तपासणी होत नाही.

या दोन गटांचे उपाय वेगळे आहेत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारास देण्याची मुदत लेखी कराराने ठरवली असली तरी ती ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास खरेदीदारास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. पहिल्या गटातील बिलांसाठी या तरतुदीचा आधार घेता येतो. तथापि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतल्यास, पुरवठादाराने ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. म्हणून दुसऱ्या गटातील बिले कायद्याने नव्हे, तर तपासणी सुरू केल्यानेच लवकर वसूल होतील.

वसुलीचा कालावधी ९० वरून ६० दिवसांवर आला तरी ३० दिवसांची विक्री, म्हणजे ६० लाख रुपये मोकळे होतात. मालकाने मागितलेली रक्कम हीच आहे. ती कर्जाऊ घेतल्यास १२ टक्के दराने वर्षाला ७ लाख २० हजार रुपये व्याज द्यावे लागले असते आणि सदोष मालाचे मूळ कारण तसेच राहिले असते. येथे सल्लागाराला आणखी एका बाबीचा विचार करावा लागतो. निम्मी विक्री एकाच कंपनीला होत असेल, तर तिच्याकडून कायद्याने व्याज मागणे ते खरेदीदार गमावण्याचे कारण ठरू शकते. अशा वेळी नियमाकडे बोट दाखवून भागत नाही. वाटाघाटी, नव्या खरेदीदारांचा शोध आणि कायदेशीर मार्ग यांचा क्रम ठरवावा लागतो.

सल्ल्याची मांडणी

सल्ला सामान्यतः लेखी अहवाल व सादरीकरण यांच्या स्वरूपात दिला जातो. बार्बरा मिंटो यांनी प्रचलित केलेल्या ‘पिरॅमिड’ पद्धतीत मुख्य निष्कर्ष प्रथम, त्याखाली त्याची कारणे आणि त्याखाली पुरावे असा क्रम असतो. चांगल्या अहवालात प्रत्येक शिफारशीबरोबर तिचा अंदाजित खर्च, अपेक्षित लाभ, जबाबदार व्यक्ती आणि मुदत दिलेली असते. निष्कर्ष ज्या गृहीतांवर उभे आहेत ती गृहीते आणि ती चुकल्यास निष्कर्ष कसे बदलतील, हेही त्यात नमूद केलेले असते. काहीही न बदलणे हाही एक पर्याय असून त्याचा खर्च इतर पर्यायांसोबत मांडला जातो.

मोबदला

मोबदला ठरवण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत : कामाच्या तासांनुसार किंवा दिवसांनुसार, संपूर्ण कामासाठी एकरकमी, ठरावीक मासिक मानधन आणि साधलेल्या लाभाच्या प्रमाणात. यांतील प्रत्येक पद्धतीचा सल्ल्यावर परिणाम होऊ शकतो. दिवसांनुसार मोबदल्यात काम लांबवण्याचा, तर एकरकमी मोबदल्यात ते घाईने उरकण्याचा मोह असतो. लाभाच्या प्रमाणात मोबदला वरकरणी न्याय्य वाटतो; परंतु त्यामुळे लगेच दिसणाऱ्या खर्चकपातीवर भर दिला जाऊन देखभाल व प्रशिक्षण यांसारखे दूरगामी उपयोगाचे खर्च कापले जाण्याचा धोका असतो. भारतात केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये सल्लागार निवडीसाठी स्वतंत्र तरतुदी असून त्यांत गुणवत्ता व किंमत या दोहोंच्या आधारे निवड करण्याची पद्धत दिलेली आहे.

भारतातील विकास

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनबद्ध औद्योगिकीकरणाच्या काळात व्यवस्थापन प्रशिक्षण व सल्ला देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. हैदराबाद येथील अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया (१९५६), राष्ट्रीय उत्पादकता परिषद (१९५८) आणि अहमदाबाद व कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था (१९६१) या त्यांपैकी प्रमुख होत. इ.स. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था सुरू झाली. पुढे ती माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी बनली.

लहान उद्योजकांना खाजगी सल्लागारांचा मोबदला परवडत नसल्याने वित्तीय संस्थांनी राज्याराज्यांत तांत्रिक सल्लागार संस्था स्थापन केल्या. अशी पहिली संस्था इ.स. १९७२ मध्ये केरळमध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात इ.स. १९८२ मध्ये पुणे येथे ‘मिटकॉन’ची स्थापना झाली. प्रकल्प अहवाल तयार करणे, प्रकल्पाची व्यवहार्यता तपासणे आणि उद्योजकांना प्रशिक्षण देणे ही अशा संस्थांची प्रमुख कामे होती. इ.स. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थांचा भारतातील विस्तार झपाट्याने झाला.

तारापूर–उंबरगाव प्रयोग

सल्ल्याचा उपयोग होतो काय, हे सिद्ध करणे अवघड असते. सल्ला घेणारी कंपनी सुधारली तरी ती सल्ल्यामुळे सुधारली की बाजार सुधारल्यामुळे, हे सांगता येत नाही. या प्रश्नावरील सर्वांत परिचित प्रयोगांपैकी एक मुंबईच्या उत्तरेस महाराष्ट्रातील तारापूर व गुजरातमधील उंबरगाव येथील कापड उद्योगांत इ.स. २००८ पासून करण्यात आला. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स या संशोधकांनी तो केला.

विणकाम करणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने या अभ्यासात होते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेकडून महिनाभर निदान आणि त्यानंतर चार महिने अंमलबजावणीसाठी साहाय्य विनामूल्य देण्यात आले. तुलनेसाठी निवडलेल्या कारखान्यांत केवळ निदान करण्यात आले. सुचवलेल्या ३८ कार्यपद्धतींत यंत्रांची नियमित देखभाल, कापडातील दोषांची नोंद व त्यांची चर्चा, सुताच्या साठ्याची नोंद आणि कामाशी निगडित बक्षिसे अशा साध्या बाबींचा समावेश होता. साहाय्य मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली, असे इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे.

इतका लाभ असूनही मालकांनी या पद्धती आधीच का स्वीकारल्या नव्हत्या, या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी माहितीच्या अभावात शोधले. काही पद्धती मालकांना ठाऊक नव्हत्या, तर काहींचा आपल्या कारखान्यात उपयोग होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. सुमारे नऊ वर्षांनंतर केलेल्या पाहणीत स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिल्याचे आढळले. व्यवस्थापक बदलणे आणि संचालकांना वेळ नसणे ही त्याची मुख्य कारणे होती. तरीही साहाय्य मिळालेले कारखाने इतरांपेक्षा लक्षणीय पुढे होते आणि काही पद्धती त्याच कंपन्यांच्या अन्य कारखान्यांतही पसरल्या होत्या.

नीतिनियम व कायदा

गोपनीयता राखणे, आपल्या क्षमतेबाहेरचे काम न स्वीकारणे आणि हितसंबंधांचा संघर्ष आधीच उघड करणे ही या व्यवसायाची मूलभूत नीतितत्त्वे मानली जातात. एकाच वेळी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना सल्ला देणे, किंवा सुचवलेले यंत्र वा संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपनीकडून दलाली घेणे, ही अशा संघर्षाची उदाहरणे होत.

इ.स. २००१ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन ही कंपनी कोसळली. तिचे लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेस इ.स. २००० मध्ये लेखापरीक्षणासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर, तर सल्ला व इतर सेवांसाठी सुमारे दोन कोटी ७० लाख डॉलर मिळाले होते. या प्रकरणानंतर इ.स. २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला व लेखापरीक्षकांनी त्याच कंपनीला सल्लासेवा देण्यावर कडक निर्बंध आले. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १४४ नुसार कंपनीच्या लेखापरीक्षकास त्याच कंपनीला व्यवस्थापन सेवा, गुंतवणूक सल्ला, अंतर्गत लेखापरीक्षण इत्यादी सेवा देण्यास मनाई आहे.

टीका

सल्लागारांवरील जुना आक्षेप असा की, मालकाने आधीच घेतलेल्या कामगारकपातीसारख्या अप्रिय निर्णयावर तटस्थतेचा शिक्का मिळवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. अर्थतज्ज्ञ मारियाना माझुकाटो व रोझी कॉलिंग्टन यांनी इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, शासनसंस्था सल्लागारांवर जितक्या अधिक विसंबतात तितकी त्यांची स्वतःची कार्यक्षमता क्षीण होते, असे प्रतिपादन केले आहे.

ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर द्यावे काय, हाही वादाचा विषय आहे. अफूजन्य वेदनाशामक औषधांची विक्री वाढवण्याविषयी पर्ड्यू फार्मा या कंपनीला दिलेल्या सल्ल्याबद्दल मॅकिन्सी या संस्थेने इ.स. २०२१ मध्ये अमेरिकेतील बहुतेक राज्यांशी सुमारे ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. या तडजोडीत संस्थेने दोष मान्य केला नाही. त्या औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत मोठी जीवितहानी झालेली होती. विक्री कशी वाढेल या प्रश्नाचा अभ्यास करताना ती वाढल्याने कोणाचे काय होईल, हा प्रश्न सल्लागाराच्या कार्यकक्षेत येतो की नाही, यावरील चर्चा या प्रकरणाने तीव्र केली.